मगदूमचा रनर

"येस!" शांतिनाथ ओरडला आणि मी धावलो.

चेंडू माझ्या बॅटची कड घेऊन मागं थर्डमॅनकडे गेला होता, म्हणजे हाक द्यायची ती समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या त्यानंच. मी अर्ध्या खेळपट्टीपर्यंत पोचलो तेव्हा तोच शांतिनाथ जागचा न हलता म्हणाला, "नो. मागं जा."

मागं जा म्हणायला काय जातं? मी वळलो, मॅटवर घसरलो, पोटावर पडून बॅट पुढं ढकलली. तोवर सोलापूरचा कीपर हिरेमठ यानं यष्ट्यांवरच्या बेल्स उडवल्या होत्या आणि तो ग्लोव्ह्ज चोळत हसत उभा होता. एक्केचाळीस धावा, तीन तासांची मेहनत, सगळी मातीत.

जाताना मी शांतिनाथच्या शेजारून गेलो. तो बॅटच्या मुठीवरचं रबर सारखं करत होता.

"मी नो म्हणालो होतो," तो रबराला म्हणाला. मला नव्हे, कारण आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं.

दोन सलामीवीर एकमेकांशी बोलत नाहीत, हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण आमच्या जिल्हा संघात त्याची सगळ्यांना सवय झाली होती. येस आणि नो, एवढे दोन शब्द आम्ही खेळासाठी शिल्लक ठेवले होते. भांडणाचं मूळ साधं. जिल्ह्यातून राज्याच्या शिबिराला दरवर्षी एकच सलामीवीर घ्यायचे. मी, दिनकर पाटोळे, आणि तो, शांतिनाथ मगदूम, दोघंही चोवीस वर्षांचे, दोघंही उजवे. दोन वर्षांपूर्वी त्यानं प्रशिक्षकांना सांगितलं होतं, "पाटोळे फास्ट बॉलरला पाय मागं घेतोय." ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं. त्या वर्षी आमच्यापैकी कुणीच गेलं नाही. यंदा मात्र निवड समितीचे देवचक्के पुण्याहून मुद्दाम आमचा सामना बघायला आले होते. सांगलीच्या मैदानावर, मंडपात, पांढरी टोपी घालून, तीनही दिवस. वय लक्षात घेता हीच शेवटची संधी होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

सामना तीन दिवसांचा. अशा सामन्यात दोन-दोन डाव पुरे होतीलच असं नाही, त्यामुळे पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो अंतिम फेरीत. सोलापूरनं पहिल्या दिवशी दोनशे अठ्ठेचाळीस केल्या होत्या. आम्हाला दोनशे एकोणपन्नास हव्या होत्या.

मी पॅड सोडले नाहीत. पॅव्हेलियनच्या पायरीवर बसून रागानं पाणी पीत राहिलो. शांतिनाथ बाद व्हावा असं मला वाटत होतं का? वाटत होतं. संघ जिंकावा असंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटतं हे विचारू नका, वाटतं.

जेवणानंतर तो एकसष्टवर असताना सोलापूरच्या वेगवान गोलंदाजाचा यॉर्कर सरळ त्याच्या डाव्या बुटावर आदळला. तो एका पायावर दोनदा नाचला आणि खाली बसला. आमचे कर्णधार बशीरभाई शिकलगार बर्फाची पिशवी घेऊन पळाले. पाच मिनिटांनी ते तिथूनच हातानं मला खुणावायला लागले.

मी गेलो. शांतिनाथ मॅटच्या कडेला आडवा पडला होता, पाय बशीरभाईंच्या मांडीवर, तोंडानं गोलंदाजाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू.

"दिनू, रनर म्हणून तू थांबायचं," बशीरभाई म्हणाले. "तो मारेल, तू पळायचं."

"मी?"

"मग काय मी पळू? आउट झालेल्यात पळणारा तूच हाईस."

"दुसरा कुणी नाही का?" हे शांतिनाथ बशीरभाईंना म्हणाला. "मी ह्याच्या पायावर धावा काढू व्हय?"

"न्हाईतर पॅव्हेलियनमध्ये चल," बशीरभाई म्हणाले. "तिथं खुर्ची हाय."

मी हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बॅट घेतली. जखमी फलंदाजासारखाच सगळा जामानिमा रनरलाही करावा लागतो. तयार होऊन लेगच्या बाजूला जाऊन उभा राहणार, एवढ्यात पंच गोगटे मास्तर माझ्याजवळ आले. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेला हा माणूस नियमांच्या बाबतीत इतका कडक होता की स्वतःच्या जावयाला त्यानं दोनदा पायचीत दिलं होतं.

"पाटोळे, एक लक्षात घे. तू पळणार असलास तरी फटका मारल्यावर मगदूमनं क्रीजमध्येच राहायचं. तो बाहेर असताना कीपरनं यष्ट्या उडवल्या की तो बाद. तू आत असलास तरी बाद. धावाही मिळणार नाहीत. रनर घेतलेले निम्मे लोक असेच जातात, सवयीनं पुढं येतात. आत्ता तो कुणाचं ऐकायच्या अवस्थेत नाही. जरा सावरला की तू सांग."

"होय सर," मी म्हणालो.

मला हा नियम माहीत नव्हता. शांतिनाथलाही माहीत नसणार, आमच्यापैकी कुणी जन्मात रनर घेतला नव्हता.

तो उठला, लंगडत क्रीजमध्ये आला. माझ्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाला, "हाक मी देणार. पळणाऱ्यानं डोकं चालवायचं न्हाई."

ठरलं तर मग. डोकं नाही चालवायचं. मी लेगला जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्याच ओव्हरमध्ये त्यानं चेंडू मिडविकेटला ढकलला, "येस" म्हणून ओरडला आणि स्वतःही दोन पावलं पुढं आला. आयुष्यभर पळलेल्या माणसाचं अंग ते, एका दिवसात कसं ऐकणार? मी धाव पुरी केली. फेक दुसऱ्या टोकाला गेली. हिरेमठचं लक्ष चेंडूवर होतं, शांतिनाथवर नव्हतं. माझं मात्र होतं, आणि गोगटे मास्तरांचं वाक्य अगदी ओठापर्यंत आलं. ओव्हर संपली होती. मी चार पावलं त्याच्याकडे चाललोही.

"काय पाटोळ्या," तो म्हणाला. दोन वर्षांनी पहिल्यांदा माझं नाव त्याच्या तोंडून आलं. "धावा माझ्या हायत म्हणून पाय जड झाले व्हय? जरा चटचट पळ की."

शॉर्टलेगला उभा असलेला पोरगा फिसकन हसला. मी होतो तिथून परत फिरलो.

एक दिवसाचा सामना असता तर मला म्हणता आलं असतं की वेळच मिळाला नाही. पण हा तीन दिवसांचा खेळ. इथं वेळेला काही कमी नसतं. पाणी आलं तेव्हा आम्ही एकाच ट्रेवरचे पेले उचलले. चहाला आम्ही एकाच बाकावर बसलो, मधे बिस्किटांची बशी. त्याचा बूट काढता येईना म्हणून बशीरभाईंनी पुढचं चामडं कात्रीनं कापलं, तेव्हा दुसऱ्या बाजूनं पाय मीच धरला होता. एक वाक्य होतं. मोजून दहा सेकंदांचं. मी ते बोललो नाही.

शिवाय मी पळत होतो, आणि चांगला पळत होतो. तो ढकलायचा, मी पळायचो. मंडपातून टाळ्या पडायच्या त्याच्यासाठी, आणि धापा टाकत उभा असायचो मी. माझ्या पायांच्या धावा त्याच्या नावापुढं लागत होत्या. त्याचा त्रास मला किती व्हायचा हे सांगून उपयोग नाही. तेवढ्या वेळात तो पुन्हा पुन्हा क्रीज सोडून बाहेर येत होता, आणि दरवेळी मी ते बघत होतो.

संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा आम्ही सात बाद दोनशे तेरा होतो आणि शांतिनाथ एकोणनव्वदवर नाबाद. गोगटे मास्तर खिशात बेल्स टाकत माझ्याजवळून गेले.

"सांगितलंस ना त्याला?"

"होय सर, सांगितलं."

इतकं सहज आलं की मलाच आश्चर्य वाटलं.

त्याचं घर गावभागात, माझ्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं. जेवण झाल्यावर मी सायकल बाहेर काढली, आणि परत आत लावली. आईनं विचारलं, कुठं निघाला होतास? म्हटलं, कुठं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शांतिनाथचा पाय सुजून भोपळा झाला होता. तरी तो आला. कापलेल्या बुटात कापूस कोंबून, वरून पट्टी गुंडाळून उभा राहिला. माणूस मला आवडत नव्हता, पण जिगर होती, हे कबूल करायला पाहिजे. एका बाजूनं बाकीचे हाणामारी करत होते, दुसऱ्या बाजूनं तो दात खाऊन उभा होता. एक गेला, दुसरा गेला. दोनशे पंचेचाळीसला नववा गडी बाद झाला आणि शेवटचे म्हणून खुद्द बशीरभाई बॅट बगलेत मारून आले. शांतिनाथ सत्त्याण्णव. आघाडीला चार धावा हव्या होत्या.

"धीरानं घे," बशीरभाई त्याला म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दिनू, तुझ्यावर हाय बघ आता."

लेगला मी, समोर पॉइंटच्या बाजूला गोगटे मास्तर. शांतिनाथनं कव्हरमधून सुरेख ड्राइव्ह मारला. चेंडू थेट सीमारेषेकडे निघाला, पण तिथला पोरगा आडवा पळत होता. "दोन!" शांतिनाथ ओरडला. "दोन हायत, पळ!"

मी जीव खाऊन पळालो. पहिली पुरी केली, वळलो. वळताना मला दिसलं, तो क्रीज सोडून तीन पावलं बाहेर आला होता आणि बॅट हवेत फिरवत मला बोलावत होता. त्याचं तोंड आनंदानं उघडं होतं. मी ओरडू शकलो असतो. 'मागं जा' एवढंच तर होतं. माझ्याच अंगावर त्यानं काल फेकलेले दोन शब्द. मी तोंड मिटून पळालो आणि क्रीजच्या आत चांगला दोन हात जाऊन थांबलो.

फेक हिरेमठच्या हातात आली. त्यानं आधी मला बघितलं, मी आत होतो. तो चेंडू गोलंदाजाकडे टाकणारच होता. मग त्याची नजर शांतिनाथवर गेली आणि जुन्या कीपरचं ते डोकं चाललं. त्यानं अगदी सावकाश, कुणाच्या टेबलावरची पेन्सिल उचलावी तशा बेल्स काढल्या आणि गोगटे मास्तरांकडे वळून विचारलं, "कसं काय, मास्तर?"

मास्तरांचं बोट वर गेलं.

"अहो, रनर आत हाय की!" शांतिनाथ ओरडला. "बघा की, तिथं उभाय!"

"रनर आत आहे. तू बाहेर आहेस," मास्तर म्हणाले. "काल पाटोळेकडून तुला निरोप दिलाय. आज दोष मला देऊ नकोस."

शांतिनाथ माझ्याकडे बघायला लागला. त्याला कळायला फार वेळ लागला नाही. मी बुटाच्या नाडीकडे बघत होतो. तो काहीतरी बोलेल, बॅट माझ्या अंगावर टाकेल, म्हणून मी अंग चोरून उभा होतो. त्यानं ग्लोव्ह्ज काढले, बगलेत मारले आणि एक पाय ओढत पॅव्हेलियनकडे चालायला लागला. दोनशे पंचेचाळीस सर्व बाद. तीन धावांनी मागं.

एवढ्यावर सुटका झाली असती तर बरं झालं असतं. पण तीन दिवसांच्या सामन्याचं हे एक आहे, हरलात तरी घरी जाता येत नाही. सोलापूरला आता काही करायची गरज नव्हती. ते दुसरा डाव सुरू करून आरामात संध्याकाळपर्यंत खेळत बसणार होते आणि आम्ही उन्हात त्यांचे चेंडू अडवत उभे राहणार होतो. सकाळी साडेअकरा ते संध्याकाळी साडेपाच. बशीरभाईंनी मला लाँगऑनला पाठवलं. लाँगऑन म्हणजे बरोब्बर पॅव्हेलियनसमोर. तिथं शांतिनाथ पालथ्या बादलीवर पाय ठेवून खुर्चीत बसला होता. माझ्या पाठीत दहा पावलांवर.

मी वाट बघत होतो. आता तो कुणाला तरी बोलावेल, आता सांगेल. बारावा गडी त्याच्याकडे गेला की माझे कान मागं. देवचक्के उठून त्याच्याजवळून गेले की मी खेळ सोडून मागं वळून बघायचो. एक साधा झेल माझ्या हातातून सुटला आणि मला वाईटसुद्धा वाटलं नाही. पाणी प्यायला थांबलो तेव्हा बशीरभाईंनी विचारलं, "तू सांगितलं होतंस ना रे त्याला?"

"सांगितलं होतं, बशीरभाई."

"मग काय झालं ह्या लेकाला?" म्हणून त्यांनी पेला आपटला. पंधरा वर्षं ते या संघातून खेळत होते आणि एकदाही अंतिम फेरी त्यांनी बघितली नव्हती. त्यांच्यासाठी मला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. पण तोंड उघडलं नाही.

चहालाही शांतिनाथ काही बोलला नाही.

साडेपाचला खेळ संपला. देवचक्क्यांनी आम्हा दोघांना मंडपात बोलावलं. बशीरभाई शेजारी उभे होते.

"मगदूम, सुंदर खेळलात," देवचक्के म्हणाले. "पण एक विचारतो. क्रीजमध्ये राहायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

झालं. शांतिनाथ खांबाला धरून एका पायावर उभा होता.

"सांगितलं होतं, साहेब," तो म्हणाला. "पाटोळेनं कालच सांगितलं होतं. माझ्या ध्यानात राहिलं न्हाई."

"अशा वेळी ध्यानात राहायला पाहिजे. तुमच्या एका विसरण्यानं संघ गेला," देवचक्के म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही. याच्या हाकेवर धावबाद झालात, तरी याच्यासाठी दोन दिवस जीव तोडून पळालात. मी बघत होतो. असा माणूस मला शिबिरात हवा आहे."

बशीरभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मान हलवली. नाही म्हटलं नाही.

शांतिनाथ मागच्या नळाखाली पाय धरून बसला होता, तिथं मी गेलो. अंगठा काळानिळा झाला होता.

"का?" मी विचारलं. "मी सांगितलं नव्हतं, हे का नाही बोललास?"

"किती वेळा?" तो म्हणाला.

"काय किती वेळा?"

"मी बाहेर आलेला तुला दिसलो. दोन दिवसांत किती वेळा?"

मला खोटं बोलता आलं असतं. कालपासून तेच करत होतो.

"सात," मी म्हणालो.

"सात." त्यानं नळ बंद केला. "म्हणजे मोजत हुतास."

"मी मुद्दाम..."

"तुझ्यासाठी न्हाई बोललो मी, पाटोळ्या. उगं गैरसमज नको. पाटोळ्यानं सांगितलं न्हाई म्हणून आउट झालो, असं रडत बसू व्हय पुण्याच्या माणसासमोर? जन्मभर तुझं नाव घेऊन सांगत फिरू? तेवढा मोठा न्हाईस तू." तो भिंतीला धरून उठला. "काल तुला मी मुद्दाम मागं पाठवलं. येस म्हणालो, मग म्हटलं जाऊ दे ह्याला. पण ते तुझ्या तोंडावर केलं. जा आता. खेळ जा तिथं."

मी शिबिराला गेलो. राज्याकडून चार सामने खेळलो, चारही साधारण. तिथं कुणी पाठीवर थाप मारली की मला नकोसं व्हायचं. पुढच्या हंगामात परत जिल्हा संघात आलो. सलामीला पुन्हा आम्ही दोघंच, कारण तिसरं कुणी नव्हतं.

पहिलाच सामना कऱ्हाडला होता. पंच गोगटे मास्तर. पहिल्या ओव्हरमध्ये मी एक चेंडू पुढं येऊन अडवला आणि तसाच क्रीजबाहेर दोन पावलं खेळपट्टी ठोकत उभा राहिलो. समोरून शांतिनाथ चालत आला. तो थोडा लंगडायचा अजून. संबंध वर्षात आमच्यात एक शब्द झाला नव्हता. तो माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि कीपरला, स्लिपला, दोन्ही पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कीपर पुढं आलाय. क्रीजमध्ये राहा."

मी मागं सरकलो.

तो आपल्या टोकाला परत गेला. गार्डवर उभं राहायच्या आधी मला त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला. तो गोगटे मास्तरांशी बोलत होता.

"मास्तर, सांगितलंय बरं का मी ह्याला."

गोगटे मास्तर आधी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. गोलंदाज धावायला लागला, तरी ते माझ्याकडेच बघत होते.